त्या मुलाला हे वाचायला मिळतं का?

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी सकाळी दहा-वीसच्या सुमाराला मी आमच्या ग्रुपवर लिहिलं, 'पाठांतरच नाही. स्केच पडलं. ३/१०', आणि फोन सोफ्यावर टाकून चहाचा कप उचलला. तिकडे न्यूयॉर्कमध्ये तेव्हा शनिवारची रात्र, बारा पन्नास झालेले, सॅटर्डे नाइट लाइव्ह, म्हणजे तिथला छोट्या विनोदी प्रवेशांचा (त्यांनाच स्केच म्हणतात) लाइव्ह शो, संपायला दहा मिनिटं उरलेली. या शेवटच्या दहा मिनिटांत ते बहुतेक वेळा काहीतरी विचित्र, दुसरीकडे कुठेच न बसणारं स्केच लावतात, त्याला तिथले लोक 'टेन टू वन' म्हणतात. त्या दिवशी त्यात एक नवीन मुलगा होता, बघून वाटलं की पहिल्यांदाच एवढं मोठं काम मिळालंय. मध्येच एका वाक्यावर तो थांबला, डोळे कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे गेले, परत आले, परत तिकडेच गेले, आणि समोरच्या बाईने त्याचं वाक्य आपल्या वाक्यात गुंडाळून स्केच पुढे नेलं. दोन सेकंद, फार तर तीन. बाबा शेजारी बसून पोहे खात होते. "काय लिहिलंस?" म्हणाले, मी वाचून दाखवलं. ते लगेच काही बोलले नाहीत. पोह्यातले शेंगदाणे चमच्याने एका बाजूला सारले (दातांमुळे आता चावत नाहीत त्यांना), आणि टीव्हीकडे बघतच म्हणाले, "त्या मुलाला हे वाचायला मिळतं का गं?"

मी म्हटलं, "नाही हो बाबा, हा आमच्या चौघांचा ग्रुप आहे."

हे अर्धंच खरं होतं. ग्रुपवरचं त्याला दिसत नाही, बरोबर आहे. पण त्याच दहा-वीसला जगभरात कितीतरी लोक हेच लिहीत असतात, उघड्यावर, त्या मुलाच्या नावासकट, आणि मीही असं उघड्यावर लिहिलंय, एकदा नाही, अनेकदा. बाबांना हे सगळं समजावत बसायचा कंटाळा आला म्हणून मी विषय तिथेच सोडला, उठून पोह्यांवर आणखी लिंबू पिळून आणलं, आणि तोवर स्टेजवर सगळे कलाकार जमून एकमेकांना मिठ्या मारत होते. ते गुडनाइट्स म्हणतात ना, ते. तो मुलगा मागच्या रांगेत अगदी कडेला उभा होता, टाळ्या वाजवत होता, आणि माझी नजर पहिल्यांदाच शेवटपर्यंत फक्त त्याच्यावर राहिली.

आमचा ग्रुप लॉकडाऊनमधला. त्याआधी आम्ही चौघंही हा शो बघायचो पण आपापले, यूट्यूबवर तुकड्यातुकड्याने, कधी जेवताना, कधी लोकलमध्ये. मग ११ एप्रिल २०२० ला, म्हणजे आपल्याकडे रविवार १२ तारखेला, त्यांनी पहिल्यांदा घराघरातून एपिसोड केला. टॉम हँक्स नुकताच कोविडमधून उठलेला, तो स्वतःच्या किचनमध्ये उभा राहून बोलला, बाकी कोणी बेडरूममधून, कोणी हॉलमधून. आणि समोर प्रेक्षकच नाहीत. विनोद होतोय आणि त्याच्या मागे हशाच नाही, नुसती खोलीची शांतता, ती इतकी विचित्र वाटली मला की आवाज वाढवून बघितला. आमच्या मुलुंडच्या गल्लीतही तेव्हा तशीच शांतता होती, स्टेशनवरची अनाउन्समेंट एरवी घरात ऐकू येते ती बंद, रविवारचा मासेवाला बंद, फक्त कावळे. त्या सकाळी न्यू जर्सीतल्या मित्राने मेसेज टाकला, 'तू पण बघतेयस का?' तिथून ग्रुप सुरू झाला. ठाण्याची एक, कोथरूडचा एक, न्यू जर्सीचा तो आणि मी. त्याच्यासाठी ती शनिवारची मध्यरात्र, आमच्यासाठी रविवारचा नाश्ता. आम्ही एकमेकांना प्रत्यक्ष भेटून किती वर्षं झाली ते मोजायला नको, पण त्या दीड तासात आम्ही खरंच एका रांगेत बसलेले असतो. कोल्ड ओपनला, म्हणजे सुरुवातीच्या स्केचला किती, पाहुण्या होस्टच्या मोनोलॉगला किती, वीकेंड अपडेटला, म्हणजे बातम्यांच्या विडंबनाला किती, सगळ्याला दहापैकी मार्क. मार्क कधी सुरू झाले आठवत नाही. कोणीतरी एकदा दिले आणि मग सगळेच द्यायला लागलो.

बाबा यात दोन वर्षांपूर्वी आले. रिटायर होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, अमेरिकेतलं राजकारण त्यांना माहीत आहे पण तिथल्या जाहिराती, तिथले टीव्हीवरचे चेहरे, ते काही कळत नाही, आणि मी भाषांतर करत बसले तर विनोद जातो. तरी ते बसतात. ते विनोद बघतच नाहीत, काम बघतात. "ही बाई थांबते छान," म्हणतात. "ह्याने लाफ्टर पूर्ण होऊ दिला नाही, घाई केली." "आज पब्लिक थंड आहे." अख्खं स्केच संपलं तरी त्यांना गोष्ट कळलेली नसते, पण कोणी कोणाचं वाक्य खाल्लं ते नेमकं कळलेलं असतं. पहिल्याच रविवारी त्यांनी विचारलं होतं, "हे सगळे तिकडे बाजूला काय बघतात?" मी सांगितलं, कार्ड. आणि बाबा एकदम सरळ होऊन बसले.

मग अर्धा तास नुसते प्रश्न. कोण धरतं? कोण लिहितं? मशीन का नाही वापरत? मला जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. मोठी पांढरी कार्डं, हाताने लिहिलेली, प्रत्येक कलाकाराच्या वाक्यांना वेगळ्या रंगाची शाई, म्हणजे धावपळीत आपलं वाक्य चटकन सापडावं. मंगळवारची रात्र लेखक जागून काढतात, बुधवारी टेबलाभोवती बसून चाळीसेक स्केचेस वाचतात, त्यातली मूठभर उरतात. शनिवारी रात्री आठला ड्रेस रिहर्सल, तीही खऱ्या प्रेक्षकांसमोर, आणि ती संपल्यावर साडेअकराच्या आत पुन्हा कापाकापी. आख्खी स्केचेस जातात, उरलेल्यांची वाक्यं बदलतात, क्रम बदलतो. म्हणजे संध्याकाळी पाठ केलेलं वाक्य रात्री दुसरंच असतं. तो स्टुडिओ, एट एच, मुळात रेडिओसाठी बांधलेला, प्रसिद्ध कंडक्टर तोस्कानिनी तिथे ऑर्केस्ट्रा घेऊन वाजवायचा. तिथे जाहिरातींच्या दोन-तीन मिनिटांत एक घर पाडून दुसरं उभं करतात आणि कार्डवाले आपापली चवड घेऊन केबलींवरून उड्या मारत पुढच्या जागी पोचतात. बाबा ऐकत होते आणि त्यांचा उजवा हात मांडीवर हळूहळू हलत होता, पान उलटल्यासारखा.

बाबा प्रॉम्प्टर होते.

नोकरी बँकेत, फोर्टला. पण त्या काळी बँकांची नाटकाची मंडळं असायची, स्पर्धा असायच्या, ऑफिस सुटलं की कॅन्टीनमध्ये तालमी. बाबांना नट व्हायचं नव्हतं. त्यांचा आवाज लहान, आणि त्यांना माणसांसमोर उभं राहायला आवडायचं नाही. त्यांना नाटकाच्या आत बसायला आवडायचं. मी सात वर्षांची असताना, १९८७ असावं, ते मला गिरगावात साहित्य संघात घेऊन गेले होते आणि आई यायला उशीर झाला म्हणून मी अख्खं नाटक विंगेत बसून बघितलं. डाव्या विंगेत एक लाकडी स्टूल. बाबांच्या मांडीवर फुलस्केपची बाइंड केलेली संहिता, हातात छोटा टॉर्च, आणि टॉर्चच्या काचेवर रुमाल गुंडाळून रबरबँड लावलेला, उजेड बाहेर जाऊ नये म्हणून. त्या रुमालातून पिवळट, वर्तुळाएवढा उजेड पानावर पडायचा आणि बाबांचं बोट त्या वर्तुळातून ओळीओळीने खाली सरकायचं. पावडरचा वास, पडद्यामागच्या धुळीचा वास, आणि बाबांच्या ओठांची हालचाल. ते प्रत्येक वाक्य म्हणत होते. सगळ्यांचं. बायकांचं, म्हाताऱ्याचं, पोलिसाचं, आवाज न काढता. नट वाक्याआधी जरा जास्त थांबला की बाबांच्या घशातून एक बारीक 'हं' यायचा, शब्द नाही, नुसता 'हं', आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागायचं. बाबा म्हणायचे, नटाला वाक्य आठवत नसतं असं नाही, एकटं पडल्यासारखं होतं त्याला, कोणीतरी आहे एवढं कळलं की वाक्य येतं.

त्याच नाटकात दुसऱ्या अंकात मुख्य काम करणारे काका ब्लँक झाले. 'हं' ने झालं नाही. बाबांनी वाक्याचे पहिले दोन शब्द दिले, काकांना ऐकू गेले नाहीत. मग बाबांनी मोठ्याने दिले, आणि पहिल्या दोन रांगांत हशा पिकला. मला तेव्हा गंमत वाटली होती. मीही हसले होते.

ही गोष्ट इथेच संपली असं मला चाळीस वर्षं वाटत होतं. गेल्या वर्षी घराला रंग द्यायचा होता म्हणून आईच्या गोदरेजच्या कपाटातले कागद बाहेर काढले, त्यात बाबांची एक फाइल निघाली. नाटकांची निमंत्रणं, एक ग्रुप फोटो ज्यात बाबा नाहीत, आणि त्यांच्या बँकेच्या गृहपत्रिकेचं एक कापलेलं पान. स्पर्धेच्या त्या प्रयोगाचं परीक्षण. नटांची नावं, दिग्दर्शकाचं कौतुक, नेपथ्य, प्रकाश, आणि सगळ्यात शेवटी एक ओळ, 'प्रॉम्प्टरचा आवाज प्रेक्षकांपर्यंत पोहोचत असल्याने रसभंग झाला.' नाव नाही. बाबांनी बारा-तेरा वर्षं प्रॉम्प्टिंग केलं, आणि त्या फाइलमध्ये त्यांच्या कामाबद्दल छापून आलेली ही एकच ओळ सापडली. त्यांनी तिच्याखाली काही रेघ वगैरे मारलेली नव्हती. नुसतं पान नीट, कात्रीने, सरळ कापून ठेवलं होतं. मी ते परत फाइलमध्ये ठेवलं आणि त्यांना काही विचारलं नाही.

म्हणून तो प्रश्न. त्या मुलाला हे वाचायला मिळतं का.

मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं, जरा लांबच. ठाण्याची म्हणाली, हो पण मग काय, वाईट झालं तर वाईट म्हणायचं नाही का? आणि तिचं मला पटतं, खरंच पटतं. दर रविवारी दीड तास देणारा माणूसच चिडू शकतो. ज्याला काही पडलेली नाही तो मार्कही देत नाही. फॅन लोकांचं एक पेटंट वाक्य आहे, 'आता पूर्वीसारखं राहिलं नाही', आणि हा शो ११ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालाय, लोक तेव्हापासून जवळजवळ हेच म्हणत आलेत. प्रत्येकाची लाडकी टीम म्हणजे तो पंधरा-सोळा वर्षांचा असताना असलेली टीम. आपल्याकडे नाही का, 'तुम्ही ते नाटक मूळ संचात बघायला हवं होतंत' असं म्हणणारे काका शिवाजी मंदिरच्या बाहेर वडापाव खाताना हमखास भेटतात. मला त्या काकांचा राग येत नाही. त्यांचा आवाज ते वाक्य म्हणताना कसा मऊ होतो ते ऐकलंय मी. २० मे १९८९ चा एपिसोड आहे, स्टीव्ह मार्टिन होस्ट होता, आणि नेमकी त्याच दिवशी गिल्डा रॅडनर गेली, पहिल्या संचातली, बेचाळीस वर्षांची. त्याने ठरलेला मोनोलॉग बाजूला ठेवला आणि १९७८ मधलं त्या दोघांचं नाचाचं स्केच दाखवलं. त्यात ते दोघं कधी खरंच सुंदर नाचतात, कधी एकदम वेडेवाकडे, परत सुंदर. ते स्केच दाखवताना त्याला बोलणं जड जातं. मी ते कितीतरी वेळा बघितलंय. मूळ संच म्हणणारे लोक कशाबद्दल बोलत असतात ते मला तिथे कळतं.

पण मला आत कुठेतरी टोचत होतं ते वेगळंच होतं. आमच्या ग्रुपचं ऑल टाइम आवडतं स्केच म्हणजे डेबी डाउनर, १ मे २००४, डिस्ने वर्ल्डमधलं कुटुंब, रेचल ड्रॅच दर वाक्याला काहीतरी निराशाजनक बोलते, आणि पहिल्या काही वाक्यांतच तिला स्वतःलाच हसू फुटतं, मग सगळ्यांनाच, कोणालाच वाक्य पूर्ण करता येत नाही, कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जातो आणि ती रडेपर्यंत हसते. आम्ही त्याला दहापैकी दहा दिलेत. आपल्या हास्यजत्रेत कोणी स्किटच्या मध्ये फुटलं, समीर चौघुलेंच्या समोर कोणाला हसू आवरलं नाही, की घरात आपणही दुप्पट हसतो. आणि स्टेफॉन नावाचं पात्र. बिल हेडर ते पात्र होऊन वीकेंड अपडेटला बसलेला असायचा आणि लेखक जॉन मुलेनी शेवटच्या क्षणी त्याच्या कार्डवरचे विनोद बदलून ठेवायचा, ते पहिल्यांदा वाचताना हेडरला हसू यायचं आणि तो दोन्ही हातांनी तोंड झाकायचा. हे मी बाबांना दाखवलं होतं. वाटलं, प्रॉम्प्टरच्या जातीची गोष्ट आहे, खूष होतील. बाबा म्हणाले, "हे बरोबर नाही. विंगेतून नटाला धक्का द्यायचा नसतो." मग म्हणाले, "परत लाव." तीन वेळा बघितलं त्यांनी.

म्हणजे वाक्य हुकलं तर हुकलं. डेबी डाउनरमध्येही हुकलंच. तिथे हुकण्यात सगळे एकत्र आहेत, हसतायत, आपल्याला आत घेतायत, म्हणून आपण जीव ओवाळून टाकतो. आणि तो मुलगा हुकला तेव्हा एकटा होता, हसला नाही, घाबरला, आणि मी तीन मार्क दिले. चूक तीच. त्याच्या चेहऱ्यावरची भीती मला बघवली नाही आणि मी तिचा राग त्याच्यावर काढला, असं मला आता वाटतं. साहित्य संघात सात वर्षांची असताना जी हसले तेही त्याच्याच जवळपासचं काहीतरी असणार.

आणखी एक गोष्ट मला त्या आठवड्यात सारखी आठवत होती. हे लोक एपिसोड पुन्हा दाखवतात तेव्हा एखादं स्केच फारच बिघडलेलं असेल तर कधीकधी त्या जागी ड्रेस रिहर्सलमधलं लावतात. म्हणजे पुढेमागे त्या मुलाचं न थांबलेलं, सरळ म्हटलेलं वाक्य लागू शकतं आणि ते दोन सेकंद कुठेच उरणार नाहीत. फक्त त्या रात्री त्या हॉलमध्ये बसलेल्यांकडे राहतील, आणि इकडे मुलुंडला पोहे खात बसलेल्या दोघांकडे. बाबांना हे सांगितलं तर त्यांना फार आवडलं नाही. "मग लाइव्ह कशाला करायचं?" म्हणाले. पण थोड्या वेळाने, भाजी निवडताना, आपणहून म्हणाले, "चांगलं आहे तसं. मुलाच्या दृष्टीने."

ग्रुपवरचा माझा तो मेसेज मी डिलीट केला नाही, डिलीट करायची मुदतही गेली होती. मार्क द्यायचं थांबवायचं का यावर आमचं दोन दिवस चाललं आणि काही ठरलं नाही. कोथरूडवाला म्हणाला की मार्क नसले तर त्याला बोलायला काही उरत नाही, आणि ते तो खरं बोलत होता, त्याला इतकं मोकळं मी कधी ऐकलं नव्हतं. तो देतो अजून. मी देत नाही, कोणी विचारलं तर काय आवडलं ते लिहिते, लांबड लागते, चालतंय.

नोव्हेंबरात तिकडची घड्याळं एक तास मागे गेली आणि आमचा रविवार नऊऐवजी दहाला सुरू व्हायला लागला. बाबांची आंघोळ, देवपूजा सगळं आटोपलेलं असतं, पोह्यांऐवजी चहाबरोबर नुसती खारी. परवाच्या रविवारी शेवटचं स्केच लागलं तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती, बाहेर मेगाब्लॉकमुळे स्टेशनवर कायकाय अनाउन्समेंट चालू होत्या, खालच्या मजल्यावर कोणीतरी मसाला भाजत होतं आणि आम्हाला दोघांनाही ठसका लागत होता. तोच मुलगा होता. या वेळी वेटर झालेला, चारपाचच वाक्यं. तिसऱ्या वाक्याआधी तो थांबला. मुद्दाम घेतलेला पॉज होता की परत अडकला होता ते मला कळलं नाही, माझा हात फोनकडे गेला होता बहुतेक, सवयीने. शेजारून बाबांचा आवाज आला. खारीचा तुकडा हातात तसाच, डोळे टीव्हीवर, ओठ जेमतेम उघडलेले.

"हं."

आणि तो बोलला.